वीतभर राक्षस

वस्ताद मला पुसणं म्हणायचे. ब्रश पुसायचं फडकं असतं, ते पुसणं. स्टुडिओत नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आणि त्या नऊ वर्षांत त्यांनी एकदाही मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. मग सुतार, लाईटवाले, चहा आणणारा, सगळेच तसं म्हणू लागले. मी तिशीला आलेला, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. पण कुणी "ए पुसण्या" म्हणून ओरडलं की मी मान वळवायचो. सवय लागली होती. राग मात्र होता तिथंच होता. माझा राग लवकर जात नाही. अजूनही जात नाही, बायकोला विचारा.

वस्ताद कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. तरुणपणी तालमीत घुमलेले, कान मोडलेले, मान बैलासारखी. असा माणूस हातात दोन केसांचा ब्रश धरून बोटभर बाहुलीचे डोळे काढतो, हे बघायला लोक यायचे. स्टुडिओत पौराणिक सिनेमे बनायचे, आणि त्यात राक्षस, उडते रथ, आभाळातले महाल असलं काही लागलं की ते काम वस्तादांचं. वीतभर मूर्ती करायची, रंगवायची, कॅमेऱ्याच्या तोंडाशी ठेवायची. नट लांब माळावर उभा करायचा. पडद्यावर मूर्ती डोंगराएवढी दिसायची आणि नट तिच्या पायाशी मुंगीएवढा. सगळी करामत रंगात असायची. मूर्ती नीट रंगवली नसेल तर पडद्यावर ती डोंगराएवढी बाहुलीच दिसायची.

तेव्हा सिनेमा काळा-पांढरा होता. त्यामुळं रंग कुठला लावला याला काही किंमत नव्हती. किती उजळ आणि किती गडद, एवढं जमलं की झालं. कोठीत जो रंग जास्त असेल तो वापरायचा. देवाचा मुकुट हिरवा, राजवाड्याच्या भिंती जांभळ्या, राणीचे ओठ निळे. शूटिंग बघायला आलेली पावणेमंडळी तोंडावर पदर घेऊन हसायची. पण पडद्यावर बघितलं की तोच मुकुट सोन्याचा वाटायचा. हे उजेड-अंधाराचं गणित वस्तादांना जसं यायचं तसं कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी त्यांचा कितीही राग करत असलो तरी हे लिहायला हात अडखळत नाही.

आता त्यांचं गुपित सांगतो. कामाच्या पहिल्या वर्षापासून वस्ताद माझी परीक्षा घ्यायचे. चारपाच डबे समोर मांडायचे आणि विचारायचे, "ह्यातला गेरू कुटला? सांग." मी दाखवायचो. ते डब्याकडे बघायचेच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायचे. मी ठाम असलो की "बरं" म्हणून तो डबा घ्यायचे. जरा घुटमळलो तर ब्रशची दांडी बोटांवर. मला वाटायचं, शिकवायची पद्धत आहे. तिसऱ्या वर्षी एकदा बोटं सुजलेली होती आणि डोकं फिरलेलं होतं. त्यांनी गेरू विचारला आणि मी मुद्दाम, अगदी ठाम तोंडानं, हिरवा डबा दाखवला. ते "बरं" म्हणाले. दिवसभर त्या हिरव्यानं देवळाच्या विटा रंगवल्या.

लाल आणि हिरवं त्यांना सारखंच दिसत होतं. पिवळं कळायचं, निळं कळायचं, पण गेरू आणि झाडाचा पाला त्यांच्या डोळ्याला एकच. सुका रंग असला तर चिमटीत चोळून, वास घेऊन ते गेरू ओळखायचे, कारण गेरूला मातीचा वास असतो. पण सरस घालून कालवला की वास फक्त सरसाचाच येतो, आणि सरस म्हणजे उकळलेल्या चामड्याची घाण. मग माझ्या तोंडाशिवाय त्यांना आधार नव्हता. काळ्या-पांढऱ्या सिनेमात यानं काही बिघडत नव्हतं. उलट रंग मध्ये लुडबुडत नसल्यानं उजेड-अंधार त्यांना आमच्यापेक्षा लख्ख दिसत असावा.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सहा वर्षं सांगितलं नाही. त्यात माया होती असं कुणी समजू नये. पत्त्यात हुकमाचा एक्का आला की माणूस तो लगेच टाकत नाही.

एकदा जयसिंगपूरहून माझे सासरे आले. तिथं त्यांचं धान्याचं दुकान. जावई सिनेमात मोठा पेंटर आहे असं त्यांनी गावभर सांगितलेलं, म्हणून बरोबर दोन व्यापाऱ्यांना घेऊन आले होते. त्या दिवशी मी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. मी म्हणालो, "वस्ताद, हे आमचे मामा." वस्तादांच्या हातात निळीनं भरलेला ब्रश होता. त्यांनी एक हात जोडला आणि दुसऱ्या हातानं तो ब्रश माझ्या छातीवर इकडून तिकडं दोनदा पुसला. "नमस्कार. हे आमचं पुसणं," असं म्हणाले आणि परत कामाला लागले. व्यापारी हसले. सासरे हसले नाहीत, त्यांनी घड्याळ बघितलं. त्यानंतर ते कधी स्टुडिओत आले नाहीत, आणि बायकोनं तो शर्ट चार वेळा धुऊन शेवटी फरशी पुसायला घेतला. त्या शर्टाची मला आजही चीड येते.

मग रंगीत सिनेमा आला. मुंबईचा दिग्दर्शक, मुंबईचा कॅमेरामन, भाड्यानं आणलेला कॅमेरा. सेट रंगवायला माणसंही त्यांचीच. वस्तादांना बाजूला बसवलं होतं. महिनाभर ते मागच्या आवारात स्टुलावर बसून विड्या ओढत होते, आणि रोज कुणीतरी येऊन विचारायचं, "काय वस्ताद, आता आराम का?" शेवटच्या आठवड्यात मुंबईहून आलेला राक्षस वाटेत फुटला. पेटी उघडली तर नुसता चुरा. पाताळाच्या दाराशी बसलेला राखणदार, आगीत वाढलेला, अंगावर गाठी, दोन सुळे. नायक त्याच्यासमोर तलवार उपसतो असा प्रसंग. तो नसता तर शेवटच लटकला असता. स्टुडिओच्या मालकांनी वस्तादांना बोलावलं. वस्तादांनी दोन दिवसांत प्लास्टरचा राक्षस उभा केला, वीतभर, आणि असा केला की मुंबईची माणसं वाकून वाकून बघत होती. दिग्दर्शक म्हणाला, "मला लालभडक पाहिजे हा. रक्तासारखा." वस्ताद म्हणाले, "हुतंय की."

संध्याकाळी आवारात आम्ही दोघंच होतो. वस्ताद माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या रंगीत हाय." मी ब्रश आवरत होतो. ते म्हणाले, "उद्या डबं तू दे. नीट बगून दे." नऊ वर्षांत त्यांनी मला केलेली ती एकच विनंती. आपल्याला दिसत नाही असं ते म्हणाले नाहीत, मला ठाऊक आहे असंही म्हणाले नाहीत, पण दोघांनाही कळलं. मी म्हणालो, "व्हय वस्ताद."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कॅमेरामननं सांगितलं की ऊन आहे तोवरच शॉट होईल. गगनबावड्याच्या बाजूला ढग दिसत होते. दुपारी दोनच्या पुढं काही खरं नव्हतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं कॅमेरा मुंबईला जायचा होता. मूर्ती बारापर्यंत पाहिजे. रंग म्हणाल तर सेटवाल्यांनी कोठी धुऊन नेली होती. राहिलं होतं ते एवढंच: खडूची पूड, काजळी, मूठभर पिवडी म्हणजे पिवळी माती, अर्धा डबा सुका गेरू, आणि बागेची झाडं रंगवून उरलेला एक डबा हिरवा, सरस घालून तयार कालवलेला.

त्या सकाळी वस्तादांनी माझा पाणउतारा केला आणि माझं डोकं फिरलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. उलट त्यांनी घरून आणलेल्या भाकरीतली अर्धी मला दिली. पिठलं होतं, खर्डा होता. आम्ही दोघांनी खाल्लं. मग त्यांनी हात धुतले, मूर्ती मांडीवर घेतली, खडूचा पहिला हात दिला आणि तो वाळल्यावर, डोळे मूर्तीवरच ठेवून, हात पुढं केला.

"गेरू आन. कालवून आन, येळ न्हाय."

मी कोठीत गेलो. गेरूचा डबा डाव्या हाताला होता. मी हिरवा घेतला. त्यात थोडी काजळी घातली, म्हणजे गेरूइतकाच गडद होईल. हे गणित त्यांनीच शिकवलेलं. वर ताजा सरस ओतला, म्हणजे वास कळणार नाही. हे सगळं मी सावकाश केलं. गेरूचा डबा मी पोत्यामागं सरकवून ठेवला.

वस्तादांनी ब्रश बुडवला आणि थांबले. "गेरूच न्हवं?"

"गेरूच की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांचंच शिक्षण होतं, मी ठाम होतो. त्यांनी ब्रश टेकवला.

त्यांनी केलेलं इतकं सुंदर काम मी परत बघितलं नाही. अंगभर एक हात, मग त्याच रंगात काजळी मिसळून काखेत, गळ्याखाली, गाठींच्या बुडाशी सावल्या. मग पिवडी मिसळून खांद्यांवर, नाकाच्या शेंड्यावर, गुडघ्यांवर ऊन. शेवटी खडूनं सुळे आणि डोळ्यांचं पांढरं, त्यात काजळीचा एकेक ठिपका. राक्षस बघू लागला. तो हिरवागार होता, पण बघत होता. मधून मधून ते विचारत, "बरं हाय?" आणि मी म्हणे, "झकास." कुणी आत डोकावू नये म्हणून मी दारातच बसलो होतो. पावणेबारा वाजता मूर्ती झाली. ती त्यांनी स्वतः बाहेर नेली, दोन्ही हातांत धरून, आणि कॅमेऱ्यासमोरच्या फळीवर ठेवली.

सगळे मूर्तीभोवती जमले. मग दिग्दर्शक म्हणाला, "अहो, हा राक्षस की कारलं?"

अंगावरच्या गाठींमुळं ते इतकं तंतोतंत होतं की सगळं आवार फुटलं. लाईटवाले खाली बसून हसले. वस्ताद कुणाकडं बघावं ते न कळून हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत होते. दिग्दर्शकाचं हसू लगेच संपलं, कारण ढग सरकत होते. तो ओरडला, "मी लाल सांगितलं होतं. हा रंग कुणी दिला?"

वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांना कळलं होतं. हा क्षण मी आधीच हिशेबात धरला होता: डबा मी दिला असं त्यांनी सांगितलं असतं, तर तुम्हाला दिसला नाही का, हा पुढचा प्रश्न आला असता. आणि त्याचं उत्तर म्हणजे त्यांचं गुपितच.

"म्याच कालवला," वस्ताद म्हणाले.

मी पुढं झालो. म्हणालो, अर्ध्या तासात लाल करून देतो. हिरव्यावर ओला गेरू दिला तर चिखल होतो, म्हणून मी ओल्या फडक्यानं फक्त वरवरचा हिरवा टिपला, खोलगट भागातला तसाच ठेवला, पातळ सरसाचा हात दिला आणि मलमलीतून सुका गेरू त्यावर चाळला. बोटानं दाबला. जिथं वस्तादांनी ऊन घातलं होतं तिथं मी पिवडी लावली. डोळे आणि सुळे तसेच ठेवले, त्यांना हात लावायची माझी लायकी नव्हती. पंचवीस मिनिटांत राक्षस पेटला. तळातल्या हिरव्यामुळं सावल्या अशा खोल गेल्या होत्या की लाल रंग अंगातून फुटल्यासारखा वाटत होता. दिग्दर्शकानं माझी पाठ थोपटली. मालक म्हणाले, "आजपासून पेंटर तू." टाळ्या पडल्या. त्या मूर्तीतलं माझं म्हणाल तर मूठभर गेरू.

वस्ताद गर्दीतून पुढं आले. मूर्तीसमोर वाकले, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. लोक टाळ्या कशाला वाजवतात ते त्यांना समजत नव्हतं. मी सावल्या-उजेड हलवला नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढं त्यांनी रंगवलेलाच राक्षस होता, अगदी तसाच, ज्याला मघाशी लोक हसले होते. ते माझ्या कानाशी आले आणि अगदी हळू, रागाचा मागमूस नसलेल्या आवाजात म्हणाले, "काय बदललंस रं?"

मला हळूच सांगता आलं असतं. एक शब्द पुरला असता आणि विषय तिथंच मिटला असता.

मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वस्ताद, दिसत न्हाय व्हय तुम्हांला? हिरव्याचा लाल झाला की."

आधी कुणाला अर्थ लागला नाही. मग सुताराला लागला. त्यानं एका नाचणारीचा पदर उचलून धरला. "वस्ताद, ह्यो कुटला रंग?" वस्ताद नको म्हणाले असते तर चाललं असतं. शिव्या द्यायला त्यांना कधी कमी पडलं नव्हतं. पण ते पदराकडे नीट बघून म्हणाले, "हिरवा." तो लाल होता. मग जो तो काही ना काही घेऊन आला. रुमाल, झाडाचा पाला, कुंकवाची डबी, बांगड्या. वस्ताद प्रत्येक गोष्ट हातात घेत होते, उजेडाकडे धरत होते आणि उत्तर देत होते. काही बरोबर यायची, बरीच चुकायची, आणि चुकली की हशा. वीस वर्षं त्यांच्याबरोबर जेवलेला सुतार सगळ्यात जोरात हसत होता. मीही हसलो. कुणीतरी डब्यातल्या दोन मिरच्या आणल्या, एक पिकलेली, एक कच्ची, आणि म्हणालं, "खाऊन सांगा." त्यांनी दोन्ही हातांत एकेक घेऊन बघितल्या, एकदा ही, एकदा ती.

तेवढ्यात कॅमेरामन ओरडला की ढग आले. सगळे आपापल्या जागी पळाले. शॉट एकाच दमात झाला. मी पेंटर म्हणून कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. वस्ताद मागं मिरच्या हातात घेऊन उभे होते, ते मला दिसत होतं. मी परत बघितलं तेव्हा ते नव्हते, भिंतीला लावलेली त्यांची सायकलही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको आली. मी तिला काकी म्हणायचो. नऊ वर्षं सणासुदीला तिच्या हातचं खाल्लेलं, आणि ती मला लेकासारखं अरेतुरे करायची. पेठेतून चालत आली होती. मी वस्तादांच्या स्टुलावर बसून ब्रश ओळीनं लावत होतो. उठलो नाही.

ती म्हणाली, "तुम्हांस्नी एक विचारायचं हाय." मला तिनं पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं.

"ते घरात बसून हायत. म्हणत्यात, कालचा डबा चुकून गेला का जाणूनबुजून दिलासा, एवढं विचारून ये. चुकून गेला आसंल तर ते यायला तयार हायत. तुमच्या हाताखाली. सरस उकळतो, ब्रश धुतो, पडंल ते करतो म्हणत्यात. त्यांस्नी ह्या वासाबिगर करमत न्हाय."

"आणि जाणूनबुजून दिला आसंल तर?"

"तर न्हाय येणार म्हणत्यात."

'चुकून' म्हणताना तिनं स्वतःच मान हलवली होती, मला सोपं जावं म्हणून. उत्तर ती घरूनच घेऊन आली होती, मी फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी वस्ताद त्या दारातून आत आले असते, आणि रोज माझ्यासमोर बसले असते, आणि त्यांनी त्यावर विश्वासही ठेवला असता, कारण त्यांना ठेवायचा होता.

"जाणूनबुजून दिला," मी म्हणालो.

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललोय, आणि बऱ्याचदा कुणाला बरं वाटावं म्हणून. हे मात्र खरं बोललो, आणि ते त्यांनी परत येऊ नये म्हणून बोललो.

काकी "बरं" म्हणाली. आली तशी चालत पेठेकडे गेली. मी पुढं अकरा वर्षं तिथं पेंटर होतो. वस्ताद आले नाहीत.